नमुना क्रमांक बारा

मी ठोकळे फोडतो. तीस वर्षं हेच काम.
माकुर्डीच्या कॉलेजात, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये,
जिथं वीज पाहुण्यासारखी येते
आणि दाबयंत्राचा दांडा हातानंच हाणावा लागतो.
पूल बांधणारे, शाळा बांधणारे, मधल्यामध्ये पैसे खाणारे,
माझ्या काट्यापुढं सगळ्यांचं काँक्रीट सारखं.
काटा चढतो, थबकतो, एक बारीक आवाज येतो,
मी वहीत आकडा लिहितो.

हेम्बादून आली ती दूध पावडरीचा डबा घेऊन.
डब्यात राख.
"गिरणीमागच्या ढिगातली. सिमेंटमध्ये घालायचीय, दहा टक्के."

तो ढीग अख्ख्या गावाला ठाऊक आहे:
भाताच्या तुसाचा डोंगर, आतून कायम धुमसणारा.
वरून बकऱ्या चढतात, पोरं घसरतात,
हर्माटानचा वारा सुटला
की दोरीवरच्या कपड्यांवर काळं पीठ.
तिची आई तोर्क्वासे त्याच गिरणीत सुपानं पाखडते.
अंधारात माणसं तिला खोकल्यावरून ओळखतात.

मी हसलो. कोंड्याचा मांडा ऐकला होता,
कोंड्याचा खांब पहिल्यांदाच.

पहिले सहा ठोकळे बिस्किटासारखे गेले.
राख काळी होती, अर्धीकच्ची,
ढिगाच्याच स्वभावाची: जळते, पण जळून संपत नाही.
मग पोरीनं पत्र्याचं पिंप कापून भट्टी केली,
रात्रभर तिच्याशेजारी बसली,
भडकू द्यायचं नाही, विझू द्यायचं नाही.
सकाळी राख करडी, जवळजवळ पांढरी,
चिमटीत धरली तर आहे की नाही कळू नये अशी.

सातव्या दिवशी काटा लवकर थांबला.
आकडा लिहिताना मी तिच्याकडं पाहिलं नाही.
"ही हळू चालते, सर," तीच म्हणाली.
"घाई सिमेंटला असते."

अठ्ठाविसाव्या दिवशी तोर्क्वासे स्वतः आली,
समारंभाला नेसतात ते काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड नेसून.
टाकीत वाकली. पाण्याच्या तळाशी ठोकळे,
प्रत्येकावर लाल रंगात लेकीचं आद्याक्षर.
"इतके दिवस पाण्यात ठेवून पुढं काय करता?"
"फोडतो."
"जपायचं आणि फोडायचं?"
"किती सोसतं ते कळायला."
ती खोकली. खोकला संपेपर्यंत मला थांबवून ठेवलं.
"मग मला विचारायचं."

मी दांडा हाणू लागलो.
काटा सातव्या दिवसाच्या खुणेवरून गेला,
माझ्या अंदाजावरून गेला,
साध्या ठोकळ्याच्या आकड्याला केसभर मागं टाकून
थबकला, आणि तो आवाज.
मी चष्मा पुसला. दुसरा घेतला. मग तिसरा.
हेम्बादून ओठ हलवत बेरीज करत होती.

आईनं काट्याकडं पाहिलंच नाही.
फुटका तुकडा उचलून तिनं हुंगला.
"यात आमचा ढीग कुठाय?"
"दिसत नाही गं आता."
"दिसत नाही ना? मग झालं तर."

नव्वदाव्या दिवसासाठी तीन राखून ठेवले होते.
त्यातला एक तिनं टाकीतून काढला,
पदरानं पुसला, डोक्यावर घेतला
आणि निघाली. मी म्हणालो, बाई, नियम आहे,
तीन लागतात. ती म्हणाली,
"हा फोडायचा नाही."
तीस वर्षांत पहिल्यांदा मी वहीत खोटं लिहिलं:
नमुना क्रमांक बारा, गहाळ.

ढीग अजून धुमसतोच. एका डब्यानं काय होतंय.
हेम्बादूनचा कागद वरच्या कुठल्या टेबलावर पडलाय,
त्यावरही आता धूळ असेल,
कदाचित तीच.

ठोकळा मात्र तोर्क्वासेच्या दारात आहे,
पाण्याच्या मडक्याखाली, सदा ओला,
रोज थोडा थोडा घट्ट होत असणार, कुणी न मोजता.
बाजाराला जाताना तिथून जातो मी.
"पाणी पिऊन जा," ती आतून म्हणते.
पितो. उभ्याउभ्याच.
माझे हात शिवशिवतात.